पक्ष लिहायचा राहिला

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माइक हातात देताना संयोजकांनी मला दोन गोष्टी बजावल्या. एक, वीस मिनिटांत संपव, कारण जेवण गार होतं. दुसरी, तुझ्या कॉम्प्युटरच्या कामाबद्दल बोल, पण सगळ्यांना कळेल असं बोल. पहिली गोष्ट सोपी आहे. दुसरीचा प्रयत्न करते.

आपला व्हॉट्सअॅप ग्रुप सुरू झाल्यापासून तिघांनी मला प्रिंटर का चालत नाही ते विचारलंय. एकाने मुलीसाठी कुठला लॅपटॉप घ्यावा ते विचारलं. आणि मागच्या बाकावरच्या एका मैत्रिणीने सरळच विचारलं, "अगं, पण तू दिवसभर नक्की करतेस काय?" आज तिला उत्तर देणार आहे. अशा कार्यक्रमात आपल्या यशाची गोष्ट सांगायची पद्धत असते. मी एका चुकीची सांगणार आहे. ती चूक माझी होती हे कळायला मला अडीच आठवडे लागले, आणि ते मोठ्याने म्हणायला आणखी एक रात्र.

आधी एक शब्द समजून घेऊ. पोर्टिंग. एका प्रकारच्या मशीनवर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्या प्रकारच्या मशीनवर चालता करायचा, याला आमच्यात पोर्टिंग म्हणतात. शब्द परका असला तरी अनुभव तुमचाही आहे. दहावीनंतर आपण शहरातल्या कॉलेजात गेलो, तेव्हा आपलं प्रत्येकाचं पोर्टिंगच झालं. अकरावीच्या पहिल्या आठवड्यात सरांनी फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला आणि 'हायपोटेन्यूज' म्हणाले. मी वहीत 'हाय' एवढंच लिहून थांबले. तास संपल्यावर शेजारच्या मुलीला विचारलं, तर तो आपला कर्ण निघाला! चार वर्षं ज्याचे वर्ग करत आलो तो कर्ण. लसावि, मसावि यांचंही तेच झालं. गणित तेच होतं, आपलं डोकंही तेच होतं, फक्त भोवतीचं मशीन बदललं होतं. आणि पहिल्या घटक चाचणीत मी साफ कोसळले होते. तर प्रोग्रॅमचंही असंच होतं.

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत काम करते. आम्ही कोल्ड स्टोअरेजच्या तापमानावर लक्ष ठेवणारी यंत्रणा बनवतो. कोल्ड स्टोअरेजच्या प्रत्येक खोलीत छोटे बिनतारी सेन्सर लावलेले असतात. प्रत्येक सेन्सर दर मिनिटाला आपला नंबर आणि तिथलं तापमान पाठवतो. ऑफिसच्या भिंतीवर आमचा एक डबा असतो. त्यातला प्रोग्रॅम हे सगळं ऐकतो, पडद्यावर दाखवतो, आणि तापमान वाढलं की मालकाच्या फोनवर मेसेज टाकतो. रात्री दोन वाजता सुद्धा.

तासगाव-सांगलीकडे बेदाण्याची बरीच कोल्ड स्टोअरेज आहेत. आपल्यातल्या द्राक्षबागायतदारांना मी काय सांगणार, पण इतरांसाठी सांगते. हिरवा बेदाणा उबेला राहिला तर काळपट पडतो. रंग गेला की सौद्यात भाव गेला. आणि खोलीत ठेवलेला माल काही एकाचा नसतो, अनेक शेतकऱ्यांचं वर्षभराचं पीक एका दाराआड असतं. म्हणजे आमचा डबा गप्प बसला तर ते नुकसान आमचं नाही, त्यांचं.

हा प्रोग्रॅम आम्ही तिघांनी २००७ मध्ये सी भाषेत लिहिला. तेव्हा डब्यात इंटेल जातीचा प्रोसेसर होता. प्रोग्रॅम पंधरा वर्षं बिनतक्रार चालला. मग २०२१-२२ मध्ये जगभर चिप्सचा तुटवडा झाला, तुमच्यापैकी काहींना गाडीसाठी महिनोन्महिने थांबावं लागलं असेल, तोच. आम्हाला जुने बोर्ड मिळेनात. म्हणून आम्ही एआरएम प्रोसेसरच्या छोट्या बोर्डावर जायचं ठरवलं. आत्ता तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये जो प्रोसेसर आहे, तो बहुतेक याच जातीचा. स्वस्त, कमी वीज खाणारा. फक्त आमचा प्रोग्रॅम त्याच्यावर आणायचा होता.

या कामावर मी होते आणि एक नवीन मुलगा होता. धुळ्याकडचा, मराठी माध्यमात शिकलेला, नोकरीला लागून पाच महिने झालेले. सहा महिन्यांचं प्रोबेशन संपायला एकच महिना बाकी. जुना पडदा नवीन बोर्डाला चालत नव्हता, म्हणून पडद्याचा भाग त्याने नव्याने लिहिला. बाकीचा जवळजवळ चाळीस हजार ओळींचा कोड जुनाच, आमचा.

आता कंपायलर नावाची एक चीज असते. आपण लिहिलेला प्रोग्रॅम ती मशीनच्या भाषेत उतरवते. उतरवताना चूक दिसली तर ती अडते, आणि शंका आली तर सूचना देते. सूचना म्हणजे, "चालवून घेते, पण इथे एकदा बघा." नवीन बोर्डासाठी कोड उतरवताना तिने सहाशेच्या वर सूचना दिल्या. मुलगा म्हणाला, "मॅडम, यातल्या थोड्या बघू का?" मी म्हणाले, "अरे, पंधरा वर्षं चाललेला कोड आहे. आधी डबा वेळेत जाऊ दे." आणि पडद्यावर गर्दी नको म्हणून सूचना दाखवणंच बंद करायला लावलं.

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते आता विसरता येत नाही.

एप्रिल २०२२ मध्ये सांगली भागातल्या एका कोल्ड स्टोअरेजवर पहिला नवीन डबा बसवला. तीन दिवस सगळं छान. चौथ्या दिवशी पहाटे फोन आला, पडदा काळा झालाय. प्रोग्रॅम कोसळला होता. दोन मिनिटांनी तो आपोआप पुन्हा उठला, तशी सोय केलेली असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एखाद्या दिवशी तीनदा, एखाद्या दिवशी एकदाही नाही. आम्ही तसाच डबा, तोच प्रोग्रॅम पुण्यात टेबलावर चालू ठेवला. चार दिवसांत एकदाही पडला नाही. दुखणं डॉक्टरसमोर गेल्यावरच थांबावं, तसं.

प्रोग्रॅम कोसळतो तेव्हा त्या क्षणी मेमरीत काय काय होतं ते मागे साठवून ठेवता येतं. आमच्या भाषेत कोअर डम्प, तुमच्या भाषेत पंचनामा. आम्ही पंचनामा उघडला. प्रेत प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी सापडत होतं, पडद्याच्या कोडमध्ये. म्हणजे त्या मुलाने लिहिलेल्या भागात.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, "काय निघालं?" मी म्हणाले, "पडद्याचा कोड नवीन आहे, आणि तिथेच पडतंय." यातला शब्दन् शब्द खरा होता. पण सगळ्यांचे डोळे त्या मुलाकडे वळले आणि मी ते वळू दिले. जुन्या कोडकडे कुणी बघितलंच नाही. तो तर पंधरा वर्षं चालत होता ना.

पुढचे दोन आठवडे तो मुलगा आपलाच कोड पुन्हा पुन्हा वाचत बसला. त्यातला अर्धा त्याने नव्याने लिहिला. तरी प्रोग्रॅम पडतच होता. तो डबा खायला आमच्यात येईनासा झाला. एकदा रात्री नऊला मी घरी निघाले तर हा एकटा बसलेला. मी "फार ताण घेऊ नकोस" म्हणाले आणि निघाले. त्याच आठवड्यात एका रात्री प्रोग्रॅम पडला, आणि तो पुन्हा उठायच्या आतच तिथली वीज गेली. मालकाला मेसेज गेला नाही. वॉचमन जागा होता, त्याने स्वतः जाऊन जनरेटर लावला, म्हणून निभावलं.

मग एका दुपारी तो मुलगा माझ्या टेबलापाशी आला. हातात कागद, त्यावर आकड्यांची यादी. म्हणाला, "मॅडम, एक विचित्र आहे. पडद्याचा कोड एक पत्ता वाचतो आणि त्या पत्त्यावर जातो. तो पत्ता मोठा आकडा असायला हवा. पण प्रोग्रॅम पडतो तेव्हा तिथे ४१ असतं. एकदा ३८ होतं. एकदा ४३."

हे असं समजा. पोस्टमनच्या हातातल्या पाकिटावर पूर्ण पत्ता हवा, आणि तिथे नुसतं '४१' लिहिलंय. मेमरीत इतक्या लहान पत्त्यावर कुणालाच जायला परवानगी नसते. पोस्टमन निघाला की सिस्टीम त्याला तिथेच आडवा करते. पडणारा पोस्टमन होता, पण पत्ता खोडणारा दुसराच कुणी होता.

मी म्हणाले, "मग हे ४१ कुठून येतं?"

तो म्हणाला, "मॅडम, आपण तापमान दहापट करून साठवतो ना? ४.१ अंश म्हणजे ४१. ३.८ म्हणजे ३८. मला वाटतं, कुणीतरी पडद्याच्या पत्त्यावर तापमान लिहितंय."

मी काही क्षण बोललेच नाही. बावीस वर्षांच्या मुलाने पुराव्याकडे नीट पाहिलं होतं. मी फक्त प्रेत कुठे पडलंय ते पाहिलं होतं.

असे चोर पकडायला काही हत्यारं असतात. एक हत्यार मेमरीतल्या प्रत्येक यादीभोवती कुंपण घालतं आणि कुंपणात पाय पडला की ओरडतं. त्याने काहीच सापडलं नाही, का ते नंतर कळलं. आमचा चोर कुंपणात पाय न टाकता लांब उडी मारून थेट दुसऱ्याच्या अंगणात उतरत होता. मग आम्ही दुसरं हत्यार काढलं. मेमरीतल्या एकाच जागेवर पहारा बसवायचा. तिथे कुणीही लिहायला हात लावला, की प्रोग्रॅम जागच्या जागी थांबतो आणि हात कुणाचा ते दाखवतो. अडचण एवढीच की पुण्यात चोर येतच नव्हता. म्हणून लॅपटॉप घेऊन आम्ही दोघं सांगलीला गेलो.

कोल्ड स्टोअरेजच्या ऑफिसात रात्रभर बसलो. काही नाही. पहाटे साडेपाचला माल भरायला ट्रक लागला. हमालांनी लोखंडी शटर खडखडत वर घेतलं. पाच मिनिटांत आमचा पहारा वाजला. प्रोग्रॅम एका ओळीवर थांबला होता. ती ओळ पडद्याच्या कोडमधली नव्हती. सेन्सरचं तापमान यादीत लिहिणाऱ्या जुन्या कोडमधली होती. आमच्या यादीत जागा फक्त ६४ सेन्सरना. आणि तो कोड लिहायला निघाला होता २५५ व्या जागेवर!

हा २५५ बघितला आणि मला सगळं एकदम कळलं. तुम्हालाही कळेल, फक्त घड्याळाकडे बघा. काटा १२ वर आहे. तो एक घर मागे घ्या. कुठे येईल? ११ वर. आता कुणी म्हणेल, काटा ११ वर आहे. कुणी म्हणेल, काटा उणे एकवर आहे, म्हणजे बाराच्या एक मागे. दोघांचंही खरं. काटा एकाच जागी आहे, वाचायची पद्धत वेगळी आहे. कॉम्प्युटरमधला एक बाइट म्हणजे २५६ घरांचं घड्याळ. शून्यावरून एक घर मागे गेलात की तुम्ही २५५ वर आहात, किंवा उणे एकवर. ते वाचणाऱ्यावर आहे.

सी भाषेत एका बाइटच्या या डब्बीला 'चार' म्हणतात. आकडा चार नव्हे, कॅरॅक्टरमधला 'चार'. सी भाषा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी तयार केली. त्यांच्या पीडीपी-११ मशीनवर ही डब्बी उण्यासकट वाचली जायची. दुसऱ्या मशीनना ते सोयीचं नव्हतं. म्हणून १९८९ मध्ये भाषेचं प्रमाणीकरण झालं, तेव्हा ही गोष्ट मोकळी ठेवली गेली. नुसतं 'चार' लिहिलंत, तर ते उण्यासकट वाचायचं की उण्याशिवाय, हे ज्याचं त्याने ठरवावं. इंटेलच्या मशीनवर लिनक्समध्ये ते उण्यासकट वाचतात. एआरएमवर लिनक्समध्ये उण्याशिवाय. सुरुवातीच्या एआरएम प्रोसेसरमध्ये बाइट उण्यासकट उचलणारी आज्ञाच नव्हती, म्हणून तिथे तशी रीत पडली. दोघंही नियमाने बरोबर.

आमच्या कोडमध्ये होतं असं. सेन्सरचा नंबर आला की यादीत त्याची जागा शोधा. नाही सापडला तर जागा म्हणून उणे एक द्या. मग पुढची ओळ म्हणते, जागा शून्यापेक्षा लहान असेल तर हा आपला सेन्सर नव्हे, सोडून द्या. साधं, शहाणपणाचं. फक्त ती जागा 'चार'मध्ये ठेवली होती. जुन्या डब्यात उणे एक हे उणे एकच राहायचं. नव्या डब्यात त्याचं झालं २५५. २५५ काही शून्यापेक्षा लहान नाही. मग प्रोग्रॅमने बिनधास्त २५५ व्या जागेवर तापमान लिहिलं. ती जागा यादी संपल्यानंतर नऊ हजार बाइट पलीकडे, पडद्याच्या अंगणात होती.

आणि पहाटेच का? रस्त्यापलीकडे त्याच मालकाचं दुसरं कोल्ड स्टोअरेज होतं. तिथेही आमचेच सेन्सर. लोखंडी शटर बंद असताना त्यांचा आवाज इकडे येत नसे. शटर वर गेलं की शेजारचे सेन्सर ऐकू यायचे, आणि ते आमच्या यादीत नव्हते. पुण्यात टेबलावर सगळे सेन्सर ओळखीचे, म्हणून तिथे प्रोग्रॅम कधी पडला नाही. जुना डबाही पंधरा वर्षं हे परके आवाज ऐकत होता, पण उणे एक बघून सोडून देत होता.

मुलगा खूश झाला. मी नाही. कारण आमच्याकडे कोडच्या प्रत्येक ओळीचा इतिहास ठेवलेला असतो. कुठली ओळ कुणी, कधी लिहिली ते एका क्षणात दिसतं. मी बघितलं. ऑगस्ट २००७. नाव माझं.

आता खरं सांगते, कारण इथे सगळी आपली माणसं आहेत. हे कुणाला न कळता मिटवता आलं असतं. कंपायलरला एक शब्दाचा आदेश देता येतो, की बाई गं, या मशीनवरही 'चार' उण्यासकट वाच. एवढं केलं असतं तर प्रोग्रॅम पडायचा थांबला असता. ओळ तशीच राहिली असती, तिचा इतिहास कुणी उघडला नसता. रिपोर्टमध्ये 'पोर्टिंगमधील अडचण दूर केली' एवढं लिहून मी मोकळी. मुलाने इतिहास बघितला नव्हता. त्या रात्री सांगलीच्या लॉजवर मी हा विचार केला. थोडा नाही, बराच वेळ केला. वीस वर्षांचा अनुभव असलेल्या बाईने पाच महिन्यांच्या मुलावर नजरा वळू दिल्या आणि चूक तिचीच निघाली, हे लिहायला हात धजत नव्हता.

तेव्हा मला आपल्या भूमितीच्या बाई आठवल्या. बाई, तुम्ही पहिल्याच रांगेत बसला आहात, म्हणून थोडी भीती वाटतेच आहे.

तुम्हाला सगळ्यांना आठवत असेल. प्रमेय लिहायचं म्हणजे आधी 'पक्ष', मग 'साध्य', मग 'सिद्धता'. आम्हा हुशार समजल्या जाणाऱ्यांना घाई असायची. आकृती काढली की थेट सिद्धतेवर. बाई लाल पेनाने समासात 'पक्ष?' लिहायच्या आणि अर्धा मार्क कापायच्या. मी एकदा वाद घातला होता, "बाई, आकृतीत दिसतंय ना, काटकोन आहे ते." बाई म्हणाल्या होत्या, "तुला दिसतंय. वाचणाऱ्याला दिसेलच असं नाही. जे धरून चाललीस ते आधी लिही."

माझ्या ओळीत नेमकं हेच राहिलं होतं. 'ही डब्बी उण्यासकट वाचली जाईल' हा माझा पक्ष होता. तो मी लिहिला नव्हता. सी भाषेत लिहायची सोय आहे, 'चार'च्या आधी एक शब्द वाढवायचा, की झालं. किंवा सरळ मोठी डब्बी वापरायची. २००७ मध्ये मला तो लिहावासा वाटला नाही, कारण माझ्या टेबलावरच्या मशीनला तो न लिहिता कळत होता. सिद्धता बरोबर होती, म्हणून पंधरा वर्षं पूर्ण मार्क मिळाले. वाचणारा बदलला आणि अर्धा मार्क कापला गेला.

बाईंची दुसरीही एक आठवण आहे. नववीत त्यांनी फळ्यावर वर्तुळाची एक रचना सोडवून दिली. दुसऱ्या दिवशी वर्गात आल्या, हजेरी घ्यायच्या आधी म्हणाल्या, "कालची तिसरी पायरी माझी चुकली होती. वह्या काढा, दुरुस्त करा." आमच्यापैकी कुणालाच ती चूक कळली नव्हती. बाई बोलल्या नसत्या तर आजही कळली नसती.

सकाळी टपरीवर चहा घेताना मी त्या मुलाला म्हणाले, "ती ओळ माझी आहे. आणि मीटिंगमध्ये मी बोलले ते चुकीचं होतं." तो थोडा वेळ ग्लासाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, मला पण माझंच चुकलंय असं वाटायला लागलं होतं. मी घरी सांगितलं होतं, नोकरी बहुतेक जाईल."

ते ऐकल्यावर मेल लिहायला वेळ लागला नाही. मॅनेजरला आणि मीटिंगमध्ये असलेल्या प्रत्येकाला लिहिलं. चूक कुठे होती, कुणी केली, कधी केली, सूचना कुणी बंद करायला लावल्या, आणि कारण कुणी शोधलं. त्याचं नाव पहिल्या ओळीत, माझं दुसऱ्या. महिनाअखेर त्याला कायम केलं. आज तो आमच्या टीममध्ये नव्या मुलांना शिकवतो.

पुण्याला परत आल्यावर आम्ही बंद केलेल्या सूचना पुन्हा चालू केल्या आणि शोधल्या. सहाशेंपैकी एक अगदी त्याच ओळीवर होती. ती म्हणत होती, 'ही तुलना कधीच खरी ठरणार नाही.' कंपायलरने मला पहिल्याच दिवशी उत्तर सांगितलं होतं. मीच तिला गप्प केलं होतं. मग आम्ही दोघांनी दोन आठवडे बसून सगळ्या सूचना एकेक करून वाचल्या. तसल्याच आणखी दहा ओळी सापडल्या. त्यातल्या चार माझ्या. तो एक शब्दाचा आदेश आम्ही दिला नाही. अकराही ठिकाणी डब्बी कशी वाचायची ते स्पष्ट लिहिलं. म्हणजे उद्या तिसरं मशीन आलं, तरी वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागू नये.

माझ्या चुकीत एका रात्रीची झोप गेली. अशी चूक किती महाग पडू शकते, त्याचं उदाहरण जगाने पाहिलं आहे. ४ जून १९९६ ला, म्हणजे आपण बारावीत जात होतो तेव्हा, फ्रेंच गयानातल्या कुरूहून युरोपचं एरियन ५ हे नवं रॉकेट पहिल्यांदा उडालं. त्याची दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेतलं सॉफ्टवेअर आधीच्या एरियन ४ वरून घेतलं होतं. तिथे ते उत्तम चाललं होतं. त्यात आडव्या वेगाशी संबंधित एक आकडा लहान डब्बीत भरला जायचा. त्या डब्बीत ३२,७६७ च्या वर मावत नव्हतं. एरियन ४ चा आकडा तेवढा कधी वाढत नसे. एरियन ५ चा मार्ग वेगळा होता, आडवा वेग लवकर वाढायचा. आकडा मावला नाही, यंत्रणा बंद पडली. जोडीला राखीव यंत्रणा होती, पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर, म्हणून तीही तशीच पडली. सुमारे चाळीस सेकंदांत रॉकेट आणि त्यातले चार उपग्रह नष्ट झाले. तिथेही कुणाचं गणित चुकलं नव्हतं. जुन्या रॉकेटचा पक्ष नव्या रॉकेटला लागू नव्हता, आणि तो पुन्हा कुणी तपासला नव्हता.

तर मैत्रिणी, मी दिवसभर काय करते याचं उत्तर हे. लोकांनी लिहायचा राहून गेलेला पक्ष मी शोधत असते. बऱ्याचदा तो माझाच असतो.

आपल्यापैकी कित्येकांची मुलं आता दहावी-बारावी होऊन दुसऱ्या गावी, दुसऱ्या देशी निघाली आहेत. तीही पोर्टिंगला निघाली आहेत. पहिल्या महिन्यात कुठेतरी कोसळतील. तेव्हा त्यांना 'तुझंच चुकलं' म्हणायच्या आधी जरा थांबा. ती जिथे पडली तिथेच चूक असेल असं नाही. आपणच त्यांच्यासाठी काय धरून चाललो होतो, तेही एकदा लिहून बघा.

बाई, तीस वर्षांपूर्वी त्या अर्ध्या मार्कासाठी मी तुमच्याशी वाद घातला होता. तो वाद आज मागे घेते. मार्क बरोबर कापला होता.

जेवण गार व्हायच्या आत थांबते.